वर्दी उतरली तरी अंग ड्युटीवरच असलेल्या बायांसाठी, सोलापूरच्या हिशोबाने

आधी हे कुणासाठी आहे ते सांगते. मिलिटरी नर्सिंगमधून रिटायर झालेल्या सिस्टर, शॉर्ट सर्व्हिस (म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी) करून परतलेल्या ऑफिसर मॅडम, सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफमधून पेन्शनवर किंवा मधेच नोकरी सोडून आलेल्या आपल्या बार्शी-माढा-मंगळवेढ्याकडच्या पोरी, आणि या सगळ्यांच्या घरची माणसं. मी पण त्यातलीच, सीआरपीएफची. डॉक्टर नाही, त्यामुळं गोळी कुठली आणि किती हे मी सांगणार नाही, पण रात्री तीन वाजता काय करायचं, कुठं जायचं, डॉक्टरपुढं बसल्यावर तोंडातून काय काढायचं हे सांगू शकते.

सोलापुरात माजी सैनिक म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर मिशा येतात. कुठल्याही ऑफिसात फॉर्म पुढं केला की खिडकीतला माणूस विचारणारच, सैनिक कोण, मिस्टर का? अहो, मिलिटरी नर्सिंग इंग्रजांच्या काळापासून आहे, सीआरपीएफची पहिली महिला बटालियन, ८८ नंबरची, १९८६ ला उभी राहिली, १९९२ पासून आर्मीत नर्सिंग-डॉक्टरकीच्या बाहेरच्या ब्रँचमध्ये पण बायका ऑफिसर म्हणून जायला लागल्या, २००७ ला तर आफ्रिकेत लायबेरियाला यूएनच्या ड्युटीवर सीआरपीएफची अख्खी बायकांची तुकडी गेली. म्हणजे रिटायर होऊन घरी बसलेल्या बाया भरपूर आहेत, पण त्या कुणाच्या हिशोबात नाहीत. याचा तोटा असा की पुरुष घरी आला की चार जण पारावर बसवून विचारतात, काय काय बघितलंस रे, आणि बाई घरी आली की विचारतात, आता स्वयंपाकाचं जमतंय का. जे बघितलं ते आतच राहतं. आणि ट्रॉमा, म्हणजे मनावर घाव घालणारं काही, झाल्यानंतर आजूबाजूच्या माणसांचा आधार मिळाला की नाही यावर पुढं किती त्रास होणार हे बरंचसं ठरतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

हे नेमकं काय होतंय

नवी पेठेत चहाला बसलात तरी भिंतीला पाठ आणि दाराकडं तोंड. रात्री कडी लावली का ते उठून उठून बघायचं. लेकरानं मागून येऊन भॉक केलं की त्याला असं झटकायचं की ते रडायलाच लागतं, आणि मग आपण बाथरूममध्ये जाऊन रडायचं. किंवा उलटंच, काहीच वाटत नाही, भावाच्या लग्नात उभ्या आहात आणि सगळं काचेपलीकडं चाललंय असं वाटतंय. स्वप्नं. एखादा वास, डेटॉलचा, जळलेल्या टायरचा, की एकदम तुम्ही इथं नसताच. टीव्हीवर एखादी बातमी आली की उठून जायचं, एखाद्या गावाचं नाव घेतलं तर विषय बदलायचा.

हे महिनाभराच्या वर टिकलं आणि रोजच्या कामात, नात्यात आडवं यायला लागलं तर त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. १९८० पासून ते आजारांच्या अधिकृत यादीत आहे. पुष्कळदा लगेच होतही नाही, नोकरीत असेपर्यंत धकतं आणि सहा महिन्यांनी, वर्षानं, रिटायर होऊन घरात शांतता आली की वर येतं, मग घरचे म्हणतात, तिकडं असताना बरी होतीस की, इथं येऊन काय झालं. घडतंच तसं. आपल्या गिरण्या बंद पडल्या तरी जुने कामगार कित्येक वर्षं भोंग्याच्या वेळेला दचकून जागे व्हायचे, तसं आहे हे, धोका संपलाय पण शरीराला कुणी कळवलेलं नाही. मेंदूतला धोका ओळखणारा भाग आवाज आला की आधी अंगाला उडवतो आणि विचार करणारा भाग मागनं पोचतो, त्यामुळं "फटाकाच आहे" हे तुम्हाला कळतं, पण ते कळेपर्यंत हाताला घाम फुटलेला असतो. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही, उलट ही सवय लावण्यासाठी सरकारनं तुम्हाला पगार दिलेला आहे.

आणि "मी कुठं गोळी चालवली" म्हणून स्वतःला यादीतून काढू नका. वॉर्डात पाय गेलेल्या पोराला तो पाय गेलाय हे सांगणारी सिस्टर, दंगलीत दगड खाणारी शिपाई, स्फोटानंतर गोळा करायला गेलेली, कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर शेवटचं बोलणं ऐकलेली, या सगळ्यांना होऊ शकतं. ट्रॉमानंतर पीटीएसडी होण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट सापडतं. एक कारण असं की बायकांच्या वाट्याला लैंगिक अत्याचार जास्त येतात आणि त्यातून हा आजार जास्त होतो. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

त्या क्षणी काय करायचं

झटका येतो तेव्हा पुस्तकातलं काही आठवत नाही, म्हणून एकच पद्धत ठरवून ठेवा आणि बरं वाटत असताना तिचा सराव करा, परेडसारखा, रोज.

चप्पल काढा. आपल्याकडं बऱ्याच घरांत शहाबादी फरशी आहे, थंड असते, तिच्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेका आणि टाचा दाबा. डोळे उघडे ठेवा. योगाच्या क्लासात डोळे मिटायला सांगतात पण आपल्यातल्या पुष्कळ जणींना डोळे मिटले की तेच दिसतं, त्यामुळं उघडेच बरे. आता दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, मनात नाही, तोंडानं: मिक्सर, कॅलेंडर, चार्जर, तवा, शेजारणीचा दोरीवरचा टॉवेल. मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. आकडे चुकले तरी चालतंय, परीक्षा नाही. मधे मधे श्वास, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, बाहेर सोडणं लांबलं पाहिजे, कारण त्यानंच छातीची धडधड उतरते. शेवटी स्वतःला पत्ता सांगा: माझं नाव अमुक, आज अमुक वार, मी सोलापुरात, विजापूर रोडला, माझ्या घरी आहे.

चवीसाठी माझा उपाय म्हणजे कडक भाकरी. डब्यात असतेच. एक तुकडा, वर शेंगाचटणी, आणि सावकाश चावायचं. तो कुरुमकुरुम आवाज डोक्यात घुमतो, तिखट जिभेला लागतं, दात काम करत असतात, त्यात मेंदूला दुसरीकडं पळायला जागाच उरत नाही. माझ्या ओळखीतल्या एक रिटायर्ड सिस्टर एसटीनं जाताना पर्समध्ये रुमालात बांधून तुकडे नेतात, कंडक्टरला वाटतं भूक लागलीय. फार गरगरत असेल तर गार पाण्यानं तोंड धुवा, मनगटावर पाणी घ्या.

एवढ्यानं आजार बरा होत नाही, हे फक्त ते पाच-दहा मिनिटं पार करायला.

गड्डा, डीजे आणि चौदा फेब्रुवारी

बाकी गावातल्या बायांना दिवाळी तेवढी काढायची असते, आपल्याला लगेच पुढं गड्डा आहे. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, आणि मग शोभेचं दारूकाम. अक्षता सोहळ्याला माझ्या डोळ्यात अजून पाणी येतं, पण दारूकाम आणि ती गर्दी हा वेगळा विषय, चारी बाजूनं माणसं, बाहेर पडायचा रस्ता दिसत नाही, लहान पोरं हातातनं सुटतात, वर आकाशात आवाज. याशिवाय गणपती, जयंत्यांच्या मिरवणुका, लग्नसराईत मंगल कार्यालयासमोर डीजे की ज्याचा ठोका छातीत वाजतो.

याला दोन टोकाची उत्तरं लोक देतात, "जाऊच नको" आणि "जा म्हणजे सवय होईल", मला दोन्ही पटत नाहीत. कायमचं टाळत गेलात तर भीती पसरत जाते, आधी दारूकाम टाळता, मग यात्रा, मग मंगळवार बाजार, मग घराच्या बाहेर पडणंच. आणि एकदम मधोमध जाऊन उभं राहिलात तर नुसता मार बसतो, सवय बिवय काही होत नाही. मधला रस्ता असा. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घ्या, आवाजाच्या दिवसांवर पेन्सिलनं खूण करा. एक तर गाव सोडा, तुळजापूर आहे, अक्कलकोट आहे, कुणाकडं तरी जाऊन या, त्यात लाज कसली. किंवा लांब राहणाऱ्या बहिणीच्या गच्चीवरून बघा, आवाज किती वाजता सुरू होणार ते आधी विचारून ठेवा, कारण माहिती असलेला आवाज निम्मा त्रास देतो. कानात मेडिकलमध्ये मिळणारे इअर प्लग. सोबत एकच माणूस, ज्याला आधी सांगून ठेवलंय की मी "चल" म्हणलं की प्रश्न न विचारता निघायचं. गाडी गर्दीच्या बाहेर, तोंड घराकडं करून लावलेली. पुढच्या वर्षी थोडं जवळ. हे जवळ जवळ जाणं थेरपिस्टच्या सल्ल्यानं केलं तर फार बरं, त्याची रीतसर पद्धत आहे.

आणि तारखा. १४ फेब्रुवारीला पुलवामाची तीच ती क्लिप दिवसभर चालते, २०१९ ला आमचे चाळीस जवान गेले, लोक प्रेमानंच पाठवतात, श्रद्धांजलीचा फोटो, गाणं लावलेला व्हिडिओ, त्यांची चूक नाही. पण तुम्ही त्या दिवशी ग्रुप म्यूट करा, फोनमधलं ऑटो डाउनलोड बंद करा, टीव्हीचा रिमोट लेकरांकडं द्या आणि कार्टून लावू द्या. तुमची स्वतःची एखादी तारीख असेल जी घरात कुणाला माहीत नाही, ती निदान एका माणसाला सांगून ठेवा. पुष्कळदा तारीख विसरलेली असते आणि आठवडाभर आधीपासून चिडचिड सुरू होते, मग कॅलेंडर बघितल्यावर कळतं अरेच्चा.

झोप

मिश्री. हो, तिथूनच सुरू करते, कारण आपल्याकडं बायकांना कुणी हे विचारतच नाही. रात्री जेवल्यावर मिश्री लावून अंथरुणावर पडलं तर तंबाखूतलं निकोटिन झोप उडवतं, आणि मधल्या रात्री तलफ उठवते ती वेगळी. एकदम सुटत नसेल तर निदान संध्याकाळची बंद करा. सहानंतरचा चहा पण. दारूचं आपल्याकडच्या बायका बोलत नाहीत पण मेस लाइफमध्ये सवय लागलेल्या असतात काही जणी, त्यांनी ऐका, दारूनं झोप लागते पण उत्तररात्री तुटते आणि स्वप्नं वाढतात.

उठायची वेळ एकच ठेवा, झोप लागो न लागो. अंथरुणात अर्धा तास नुसतं पडून असाल तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मंद दिवा, टॉवेलच्या घड्या घाला, तांदूळ निवडा, काहीतरी कंटाळवाणं, झोप आली की परत आत. फोन नको. कडीचं म्हणाल तर एकदा बघायची, हात लावून "लागलीय" असं तोंडानं म्हणायचं आणि बास. परत उठावंसं वाटेल, वाटू द्या.

स्वप्नांसाठी एक पद्धत आहे जी थेरपिस्ट शिकवतात आणि ज्यांची स्वप्नं फार भयंकर नाहीत त्यांना घरी पण थोडी जमते. दिवसा, उजेडात, वहीत स्वप्न लिहायचं, पण शेवट बदलून, आणि तो बदललेला भाग रोज थोडा वेळ डोळ्यासमोर आणायचा. वर सांगितलेल्या त्या सिस्टरांना स्वप्नात वॉर्डातला एक लांब पॅसेज दिसायचा, स्ट्रेचर येतंच राहायचे, संपायचेच नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं की पॅसेजच्या टोकाला दार आहे, त्या दार उघडतात, बाहेर त्यांच्या माहेरचं मोहोळकडचं अंगण आहे आणि त्यांची आई म्हणते, शिफ्ट संपली, आता दुसऱ्या सिस्टर आल्यात. बाकी काही नाही. स्वप्न गेलं नाही पूर्ण, पण त्या म्हणतात आता कधी कधी दार दिसतं. लिहिताना श्वास अडकायला लागला तर वही बंद करा आणि हे डॉक्टरांसमोरच करा.

मेडिकलमधून ओळखीनं झोपेच्या गोळ्या आणू नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि पीटीएसडीवर त्या रोजच्या उपायासाठी देऊ नयेत असंच बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. आधीच चालू असतील तर एकदम बंद पण करू नका, ते धोक्याचं आहे, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

डॉक्टरकडं कसं जायचं आणि काय बोलायचं

सगळ्यात सोपं, १४४१६. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून चालू आहे. पहिल्याच फोनला सगळं सांगायची गरज नाही, "झोप लागत नाही, मी फोर्समध्ये होते" एवढ्यावर सुरुवात होते.

समोरासमोर दाखवायचं तर सिव्हिलला मानसोपचार ओपीडी आहे, सकाळी केसपेपर काढून जायचं, गर्दी असते, डबा आणि पाणी घेऊन जा. आर्मीची पेन्शन असेल, नर्सिंगची धरून, तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन मानसोपचारतज्ज्ञ दाखवता येतो. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना आधी ईसीएचएस नव्हतं, २०१९ पासून वर्गणी भरून मेंबर होता येतं, हे बऱ्याच मॅडमना माहीतच नाही. आम्हा सीआरपीएफ-बीएसएफवाल्यांना ईसीएचएस नाही, आमचं सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, आणि ज्या पेन्शनच्या आधीच सोडून आल्या त्यांना यातलं काहीच नाही, त्यांनी सरळ सिव्हिल. आर्मीवाल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलेलं नसेल तर नोंदवा. नोकरीतले मेडिकल बोर्डाचे, सिक लीव्हचे कागद फाडू नका, आजार सर्व्हिसमुळं झाला असं ठरलं तर डिसॅबिलिटी पेन्शनचा प्रश्न येतो आणि तिथं कागदच लागतो, नाकारलं तर आर्मीवाल्यांना आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, मुंबईला त्याचं बेंच आहे.

आता बोलायचं काय. आपल्याला रिपोर्ट द्यायची सवय आहे, तिचाच उपयोग करा, चार ओळी कागदावर लिहून न्या. मी अमुक फोर्समध्ये होते. तिथं एक घटना झाली, तपशील आज सांगणार नाही. त्यानंतर अमुक अमुक होतं, आठवड्यातून इतक्या वेळा. यामुळं माझं हे काम अडतं. तपशील पहिल्या दिवशी सांगायची सक्ती नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर त्या भीतीनंच बाया जात नाहीत. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा. "टेन्शन आहे, पित्त आहे, डोकं दुखतं" एवढंच सांगितलं तर पित्ताची गोळी मिळेल आणि परत याल.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी झालेला, गोळ्या लिहून देऊ शकणारा. सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर बोलून उपचार करतात. पीटीएसडीसाठी सगळ्यात आधी सुचवतात ते ट्रॉमावरचं बोलणंच, त्याचे दोन-तीन प्रकार आहेत. एकात घटनेनंतर मनात बसलेली वाक्यं, "माझ्यामुळंच झालं", "कुणावर विश्वास नाही", ही तपासून बघतात, साधारण बारा बैठका. एकात आठवणीकडं आणि टाळलेल्या जागांकडं पायरीपायरीनं नेतात. ईएमडीआर म्हणून एक आहे त्यात डोळ्यांची हालचाल करत आठवणीवर काम करतात. विचारा सरळ, तुम्ही ट्रॉमाचं काम करता का, कुठल्या पद्धतीनं. नुसतं "पॉझिटिव्ह राहा" म्हणणारा भेटला तर फी देऊन या आणि दुसरा बघा. गोळ्या दिल्या तर बहुतेक सर्ट्रालिनसारख्या, त्याचा फरक पडायला चार-सहा आठवडे जातात, आठव्या दिवशी "काही होत नाही" म्हणून बंद करू नका आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतः बंद करू नका.

घरच्यांना कळेल, गावात होईल, ही भीती. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्यात तुमची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे. तरी ओपीडीच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटलं तर ते पण तिथंच आलेत की ओ.

त्रास आपल्याच माणसानं दिला असेल तर

हे लिहायला अवघड आहे, पण हे गाळलं तर अर्ध्या बायांसाठी बाकीचं सगळं फुकट. शत्रूकडून मार खाल्ला तर युनिट मागं उभं राहतं. सिनियरनं हात टाकला तर तेच युनिट गप्प होतं, आणि तुम्हाला त्याच कॅम्पात राहायचं असतं, त्याच मेसमध्ये जेवायचं असतं. त्यामुळं यातून येणारी लाज आणि राग वेगळा असतो, वर्दीचा फोटो भिंतीवर लावायचा का काढायचा हेही कळत नाही.

दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा. उपचार घ्यायला तक्रार केलेली असायला लागत नाही, पुरावा लागत नाही, नाव सांगायला लागत नाही. तक्रार हा दुसरा रस्ता. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून देता येतात. ती मुदत गेली असली तरी गुन्हा म्हणून काय करता येईल हे वकिलाला विचारता येतं, आणि बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, कोर्टाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, "तू गप्प बसलीस म्हणून पुढच्या पोरीला झालं" असं कुणी म्हणलं तर ऐकून घेऊ नका, केलं त्यानं.

घरच्यांसाठी

सासूबाई म्हणणार, "एवढं काय झालंय गं, पेन्शन चालू आहे, लेकरं आहेत, घर आहे." त्यांना पीटीएसडी समजावत बसू नका, काम सांगा. "आई, मी रात्री ओरडले तर अंगाला हात लावू नका. दिवा लावा आणि पायाकडं उभं राहून लांबून नाव घ्या. एवढंच करा." हे कुठल्याही सासूला जमतं, आणि काम दिलं की माणूस आपल्या बाजूला येतो, हा माझा अनुभव आहे.

मिस्टरांना: "अहो, मी गप्प बसले म्हणजे तुमच्यावर चिडलेले नाही. वीस मिनिटं द्या, मी स्वतः येते." आणि मग खरंच या, नाहीतर पुढच्या वेळी ते वीस मिनिटं देणार नाहीत. जवळीक नको वाटत असेल तर कारण त्यांच्यात नाही हे एकदा स्पष्ट बोला, डॉक्टरांसमोर बोला हवं तर. लेकरांना एवढंच की मम्मीला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, तुझी काही चूक नाही, मागून येताना हाक मार.

घरच्यांनी न करायच्या गोष्टी: पाहुण्यांसमोर "हिला विचारा की तिकडचे किस्से" म्हणणं. मुद्दाम आवाज करून मजा बघणं, दीर लोकांनो तुमच्याबद्दल बोलतेय. "तू तर वाघीण आहेस" हे सारखं सारखं म्हणणं, वाघिणीला रडायची परवानगी नसते ना मग.

एक मात्र गंभीर. ती "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असं बोलायला लागली, वस्तू वाटायला लागली, कागदपत्रं घाईनं लावून ठेवायला लागली तर थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट मोकळं होतं. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, १४४१६ किंवा ११२ लावा, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला न्या, रात्री असली तरी. आपला जिल्हा द्राक्षाचा, डाळिंबाचा, घरोघरी फवारणीचं औषध पडलेलं असतं. ते त्याच दिवशी घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते पण.

एकटीनं नको

दोन बाया पुरतात. मोठा ग्रुप, अध्यक्ष, सचिव, बॅनर, यात पडलात की वर्षभरात भांडणं. मिलिटरी कॅन्टीनच्या लायनीत जी एकटी बाई स्वतःच्या कार्डवर सामान घेताना दिसते, तिच्याशी बोला. "कुठल्या युनिटला होता?" एवढा प्रश्न पुरतो, दुसरं कुणी तिला तो विचारलेलाच नसतो. मग सकाळी संभाजी तलावाकडं चालायला जा, बरोबर चालताना बोलणं सोपं जातं कारण एकमेकीच्या तोंडाकडं बघायला लागत नाही. घटनेचं बोलायचं नाही असं ठरवलं तरी चालतं, पेन्शन, गुडघे, सुना यावर बोला.

आणि काम. रिकामी दुपार फार वाईट. आमच्याकडं काही जणी पोलीस भरतीच्या पोरींचं ग्राउंड घेतात, आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. पहाटेचं ग्राउंड, पोरी गावाकडून स्कूटीवर येतात, निम्म्यांच्या पायात धड बूट नसतात, गोळा फेकताना कोपर आधी पडतं ते दहादा सांगायला लागतं. हे कराल तर दोन गोष्टी बघा. शिट्टी आणि कमांडनं तुमचंच अंग ताठ होत असेल तर शिट्टी दुसरीकडं द्या आणि तुम्ही स्टॉपवॉच घ्या. आणि पोरी विचारणारच, "मॅडम, तिकडं भीती वाटते का?" खोटं सांगू नका, सगळंही सांगू नका. "वाटते, आणि वाटली की कुणाला सांगायचं ते भरती व्हायच्या आधीच ठरवून ठेवा" एवढं सांगा आणि पुढच्या राऊंडला लावा.